अकरा वर्षांचा आवाज

चित्रकाराची चित्रे त्याच्यामागे उरतात, कवीची कविता छापली जाते, शिल्पकाराचा दगड शतकानुशतके उभा राहतो. गायकाचा आवाज मात्र त्याच्या देहाबरोबर जन्मतो आणि देहाबरोबरच मातीआड होतो. हे धन तिजोरीत ठेवता येत नाही की वारसाच्या नावे करून देता येत नाही. असे असूनही त्यावर हक्क सांगणारे पुष्कळ असतात. ज्याने शिकवले तो म्हणतो, आवाज माझा. ज्याने पैसा गुंतवला तो म्हणतो, माझा. तिकीट काढून समोर बसलेला रसिकही मनातून तेच म्हणत असतो. ज्याच्या कंठातून तो आवाज निघतो त्याचे मत विचारण्याची वेळ बहुधा सर्वांत शेवटी येते.

या प्रश्नाचा विचार करताना आमच्यासमोर एक जुने चरित्र उभे राहते. मारिया मालिब्रान ही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ऑपेराची गायिका. जून १८२५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तिने लंडनच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले आणि सप्टेंबर १८३६ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ती मँचेस्टर येथे मृत्यू पावली. मधली सव्वा अकरा वर्षे म्हणजे तिची सारी कारकीर्द. एवढ्या अवधीत लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, नेपल्स, मिलान आणि व्हेनिस या नगरांनी तिला डोक्यावर घेतले. तिच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण नाही आणि असणेही शक्य नव्हते. फोनोग्राफचा शोध लागला तो १८७७ साली. तरीही तिचे नाव आजवर टिकले आहे.

ऑपेरा हा प्रकार आपल्याकडील संगीत नाटकाला जवळचा वाटला तरी त्यात एक मोठा भेद आहे. संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधून पदे येतात. इटालियन ऑपेरात बहुतेक संवादही गाऊनच म्हटले जातात. ध्वनिवर्धकाचे साहाय्य नसताना, समोर पूर्ण वाद्यवृंद वाजत असताना, दोन-तीन तास सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात गायचे आणि अभिनयही करायचा, ही त्या गायकांची रोजची कसोटी. अशा कलेत नैसर्गिक देणगी लागते हे खरे. परंतु त्याहूनही अधिक लागते ती वर्षानुवर्षांची शिस्त. मारियाला ती शिस्त घरातच मिळाली, आणि तिच्या कथेतील पहिला पेचही तेथेच सुरू होतो.

पित्याची शाळा

मारियाचा जन्म २४ मार्च १८०८ रोजी पॅरिस येथे झाला. घराणे स्पॅनिश. पिता मान्युएल गार्सिया हा सेव्हिलचा. तो नामांकित गायक, संगीतकार आणि अत्यंत करारी शिक्षक होता. रोसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ हा ऑपेरा १८१६ साली रोम येथे प्रथम रंगभूमीवर आला, तेव्हा त्यातील तरुण सरदार आल्माव्हिव्हाची भूमिका या गार्सियानेच केली. त्या प्रयोगासाठी त्याला मिळालेले मानधन खुद्द रोसिनीच्या मानधनाहून अधिक होते. त्या काळी गायकाचा कंठ हीच नाट्यगृहाची खरी पुंजी समजली जाई; गार्सियाला ते पुरते ठाऊक होते.

आई खोआकिना सित्चेस हीसुद्धा गायिका. मारियाहून तीन वर्षांनी मोठा भाऊ मान्युएल आणि तेरा वर्षांनी धाकटी बहीण पॉलीन. या तिन्ही भावंडांची नावे पुढे संगीताच्या इतिहासात नोंदली गेली. लेखाच्या शेवटी त्यांचीही गाठ घ्यावयाची आहे.

घरचे वातावरण भटक्या नटमंडळींचे होते. वडिलांना जेथे काम मिळेल तेथे बिऱ्हाड जाई. नेपल्समध्ये असताना, वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, मारिया एका ऑपेरात बालभूमिकेत रंगभूमीवर उभी राहिली. पुढे लंडनमध्ये हॅमरस्मिथ येथील एका कॉन्व्हेंटमध्ये तिचे काही शिक्षण झाले. स्पॅनिश ही घरची भाषा, फ्रेंच जन्मभूमीची, इटालियन व्यवसायाची आणि इंग्रजी शाळेची. या चारही भाषा तिला लहानपणीच अवगत झाल्या आणि त्यांचा तिला जन्मभर उपयोग झाला.

गाण्याचे शिक्षण मात्र वडिलांकडे. मारियाचा आवाज मुळात सहज वळणारा नव्हता. खालचे सूर भरदार, वरचे चढवून मिळवलेले आणि मधल्या पट्टीतील काही सूर दबके, असा तो आवाज होता. पित्याने तो अक्षरशः घडवला. दिवसचे दिवस एकेक सूर घोटून त्याने तो सुमारे तीन सप्तकांपर्यंत पसरवला. या रियाजाच्या कठोरपणाच्या अनेक आख्यायिका आहेत. घरातून मुलीचे रडणे ऐकू आले की शेजारीपाजारी म्हणत, गार्सिया मुलीला तान शिकवीत असेल. आख्यायिकेतील तपशील बाजूला ठेवला तरी पिता रागीट होता आणि मुलगी त्याला भीत असे, याविषयी तिचे सर्व चरित्रकार एकमत आहेत. याच पित्याने तिला दिलेली विद्या अव्वल दर्जाची होती हेही तितकेच खरे. मधल्या दबक्या सुरांवरून ती अशा काही आलंकारिक ताना घेत पुढे जाई की श्रोत्यांना उणीव जाणवण्याऐवजी नवलच वाटे. आपले न्यून झाकून त्याचेच भूषण करण्याची ही कला तिला वडिलांनी शिकवली.

सागरापलीकडे

१८२५ च्या उन्हाळ्यात लंडनच्या किंग्ज थिएटरला अचानक प्रमुख गायिकेची उणीव भासली. गार्सिया तेथेच गात होता. त्याने आपली मुलगी पुढे केली. जून महिन्यात ‘सेव्हिलचा न्हावी’मधील रोझिना म्हणून मारिया प्रथमच मोठ्या रंगभूमीवर उभी राहिली आणि प्रेक्षकांनी तिला तात्काळ पसंती दिली. त्याच मोसमात मायरबेअरच्या एका ऑपेरात ती व्हेल्लुती या ख्यातनाम गायकाबरोबर गायली.

गार्सियाच्या मनात मात्र याहून मोठा बेत घोळत होता. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळेपर्यंत इटालियन ऑपेरा मूळ भाषेत कधी झालेला नव्हता. तेथील काही रसिकांच्या निमंत्रणावरून त्याने एक मंडळी उभी केली. या मंडळीचा गाभा म्हणजे त्याचे कुटुंबच: स्वतः पिता, आई, मुलगा आणि मुलगी. २९ नोव्हेंबर १८२५ रोजी न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरमध्ये ‘सेव्हिलचा न्हावी’चा प्रयोग झाला. पिता आल्माव्हिव्हा, मुलगा फिगारो, मुलगी रोझिना. अमेरिकेतील इटालियन ऑपेराचा इतिहास या रात्रीपासून मोजला जातो.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा एक वयोवृद्ध इटालियन गृहस्थ भाषाशिक्षक म्हणून राहत होता. त्याचे नाव लोरेन्झो दा पोन्ते. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हानी’चे शब्द याच गृहस्थाने जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वी लिहिले होते. त्याच्या आग्रहावरून मे १८२६ मध्ये गार्सिया मंडळीने तो ऑपेरा तेथे सादर केला आणि मारियाने त्यात झर्लिना या खेडवळ मुलीची भूमिका केली. आपल्या तारुण्यातील शब्द म्हातारपणी परक्या खंडात, अठरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून ऐकताना दा पोन्तेला काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

सुमारे दहा महिन्यांत या मंडळीने ऐंशीच्या आसपास प्रयोग केले. त्यांतील मुख्य स्त्रीभूमिकांचा बहुतांश भार मारियावर होता. ज्या वयात आवाज अजून पक्का होत असतो त्या वयात आज हलकी भूमिका, परवा भारी, मधल्या दिवसांत तालमी, असा तिचा क्रम चालू होता. मिळकत अर्थात कुटुंबप्रमुखाच्या हाती जाई. आणखी एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे. विशीच्या उंबरठ्यावरील भाऊ मान्युएल याचाही आवाज याच काळात याच तऱ्हेने राबवला जात होता.

सुटका की नवा पाश?

२३ मार्च १८२६ रोजी, म्हणजे अठरावा वाढदिवस अवघ्या एका दिवसावर असताना, मारियाने न्यूयॉर्कमध्ये युजीन मालिब्रान या व्यापाऱ्याशी विवाह केला. वर वधूहून सुमारे सत्तावीस वर्षांनी मोठा. मुलगी हातची गेल्याने बुडणाऱ्या मिळकतीबद्दल वराने पित्याला मोठी रक्कम देऊ केली होती, असे तिची चरित्रे सांगतात. पित्याच्या धाकातून सुटण्यासाठी तिने हा विवाह केला, असा बहुतेक चरित्रकारांचा निष्कर्ष आहे आणि तो आम्हांस पटतो.

लवकरच मालिब्रानचे दिवाळे वाजले. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत गार्सिया बाकीच्या कुटुंबासह मेक्सिकोला निघून गेला. अठरा वर्षांची मारिया परदेशी, कर्जबाजारी पतीसोबत मागे राहिली. संसार चालवण्याचे साधन एकच, तिचा कंठ. ती बावरी थिएटरमध्ये इंग्रजीतून गाऊ लागली. रविवारी ग्रेस चर्चच्या उपासनेतही तिचे गायन होई. कमाई होती, पण ती देणेकऱ्यांच्या वाटेने जात होती. अखेर १ नोव्हेंबर १८२७ रोजी ती एकटीच युरोपला जाणाऱ्या जहाजात बसली.

आजच्या वाचकांच्या मनात सहज येईल की तिने पतीपासून रीतसर वेगळे का होऊ नये? त्या काळच्या कायद्याकडे पाहिले म्हणजे उत्तर मिळते. १८०४ च्या फ्रेंच दिवाणी संहितेनुसार विवाहित स्त्रीला पतीच्या अनुमतीवाचून करार करण्याचा किंवा न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार नसे. घटस्फोटाची तरतूद फ्रान्समध्ये १८१६ साली रद्द झाली होती आणि ती पुन्हा अस्तित्वात यायला १८८४ साल उजाडावे लागले. ज्या स्त्रीच्या नावावर नाट्यगृहे भरत होती, तिच्या स्वतःच्या सहीला कायद्याच्या दृष्टीने पुरेसे वजन नव्हते. ‘मालिब्रान’ हे नाव तिने कीर्तीच्या शिखरावर नेले. परंतु ते नाव ज्याचे, त्याच्याशी तिचा सहवास दोन वर्षांचाही नव्हता.

पॅरिसची सम्राज्ञी

पॅरिसला परतल्यावर ती प्रथम पतीच्या बहिणीच्या घरी राहिली. जानेवारी १८२८ मध्ये रोसिनीच्या ‘सेमिरामिदे’तून ती पॅरिसकरांसमोर आली आणि त्याच वर्षी तेथील इटालियन नाट्यगृहाची प्रमुख गायिका झाली. वय वर्षे वीस.

तिच्या गायनाबद्दल समकालीनांनी जे लिहून ठेवले आहे त्यातून एक गोष्ट ठळकपणे जाणवते. तिच्या आधीच्या गायिका पाठ केलेली भूमिका बहुधा ठरल्याप्रमाणे सादर करीत. मारिया रोज निराळी गात असे. रोसिनीच्या ‘ओथेल्लो’मधील डेस्डेमोना ही तिची गाजलेली भूमिका, शेवटच्या अंकात पती खंजीर घेऊन समोर आला की ती आज कोणत्या बाजूला धावेल हे तिच्याबरोबरच्या नटालाही ठाऊक नसे. १८३१ साली तर तिने त्याच ऑपेरात खुद्द ओथेल्लोची पुरुषभूमिका केली. त्याच वर्षाच्या अखेरीस पॅरिसला आलेल्या तरुण शोपँने तिचे गाणे ऐकले आणि तो थक्क झाला.

याच नाट्यगृहात हेन्रिएट झोन्टाग ही जर्मन गायिका तिची प्रतिस्पर्धी होती. झोन्टागचा आवाज निर्मळ, समतोल, विनासायास वर जाणारा. मारियाचा कष्टाने कमावलेला आणि भावनेने पेटलेला. पॅरिसचे रसिक दोन पक्षांत विभागले गेले. पुढे दोघींत समेट झाला आणि त्या एकत्र गाऊ लागल्या, तेव्हा दोन्ही पक्ष सुखावले. परंतु १८३० साली झोन्टागने रंगभूमी सोडली. तिचा विवाह काउंट रोस्सी या राजदूताशी झाला होता आणि राजदूताच्या पत्नीने रंगमंचावर गाणे प्रतिष्ठेला शोभणारे नव्हते. जवळजवळ वीस वर्षांनी, घरची आर्थिक घडी विस्कटल्यावर, १८४९ साली तीच झोन्टाग पुन्हा गाऊ लागली आणि १८५४ मध्ये मेक्सिकोच्या दौऱ्यात पटकीने दगावली. एकीने पतीच्या कर्जासाठी गायचे, दुसरीने पतीच्या प्रतिष्ठेसाठी थांबायचे आणि गरज पडताच पुन्हा गायचे! दोघींच्या कंठाची दोरी कोणाच्या हाती होती हे वेगळे सांगायला नको.

मारियाच्या आयुष्यात या सुमारास शार्ल द बेरिओ हा बेल्जियन व्हायोलिनवादक आला. पहिला विवाह कायद्याने अबाधित असल्याने दोघांना लग्न करता येईना. त्यांच्या एकत्र राहण्यावर समाजाने बोट ठेवले. या टीकेचा तिला त्रास झाला. पहिला विवाह रद्द करून घेण्यासाठी तिने वर्षानुवर्षे खटपट केली. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात गाजलेल्या लाफायेत या वृद्ध सेनानीनेही तिच्यासाठी शब्द खर्च केला. १८३३ साली तिला मुलगा झाला. अखेर १८३५ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने न्यूयॉर्कचा विवाह रद्दबातल ठरवला आणि २९ मार्च १८३६ रोजी ती बेरिओची विधिवत पत्नी झाली. त्यानंतर तिला सहा महिन्यांचेही आयुष्य लाभले नाही.

इटलीची वर्षे

१८३२ नंतर तिचा मुख्य मुक्काम इटलीत होता. १८३३ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात बेलिनीचा ‘ला सोन्नाम्बुला’ तिने इंग्रजीतून गायला. झोपेत चालणाऱ्या एका निष्पाप खेडवळ मुलीची ही कथा. बेलिनी त्या काळात लंडनमध्येच होता. मारियाने उभी केलेली नायिका पाहून तो भारावला. ‘इ पुरितानी’ या आपल्या अखेरच्या ऑपेराची एक स्वतंत्र आवृत्ती त्याने तिच्या आवाजासाठी सिद्ध केली, पण तिचा प्रयोग त्या दोघांच्या हयातीत झाला नाही. २३ सप्टेंबर १८३५ रोजी बेलिनी वारला, आणि बरोबर एक वर्षाने, २३ सप्टेंबरलाच, मारियाने डोळे मिटले.

१८३४ मध्ये मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात ती बेलिनीची ‘नोर्मा’ गायली. ही भूमिका तीनच वर्षांपूर्वी याच रंगमंचावर जुदित्ता पास्ता हिने प्रथम केली होती आणि मिलानकरांच्या दृष्टीने नोर्मा म्हणजे पास्ताच. त्यांच्यापुढे त्याच भूमिकेत उभे राहणे हे मोठे धाडस होते. मारियाने ते पेलले. पाठोपाठ ला स्कालाने तिच्याशी करार केला. प्रयोग १८५ आणि मोबदला चार लाख फ्रँकांहून अधिक. हिशेब केला तर दर रात्रीस दोन हजार फ्रँकांवर रक्कम पडते. त्या काळात एवढे मोल फार थोड्या गायकांच्या वाट्याला आले.

पैशाबाबत तिचे मन मात्र मोकळे होते. एप्रिल १८३५ मध्ये व्हेनिस येथे एका जुन्या नाट्यगृहाचा चालक डबघाईस आला होता. तिने तेथे ‘ला सोन्नाम्बुला’चा प्रयोग केला आणि मानधन घेण्यास नकार दिला. कृतज्ञ मालकाने नाट्यगृहाला तिचे नाव दिले. आजही ते ‘तेआत्रो मालिब्रान’ म्हणूनच ओळखले जाते; दुरुस्तीनंतर २००१ साली ते पुन्हा खुले झाले.

तिच्या स्वभावातील हट्टीपणाचे दर्शन त्याच वर्षाअखेर घडले. दोनिझेत्तीचा ‘मारिया स्तुआर्दा’ हा स्कॉटलंडच्या राणीवरील ऑपेरा नेपल्सच्या राजाने आदल्या वर्षी बंद पाडला होता. ३० डिसेंबर १८३५ रोजी मारियाने तो ला स्कालात केला. दोन राण्यांच्या भेटीच्या प्रवेशातील अपमानकारक शब्द बदलावेत असा परीक्षण अधिकाऱ्यांचा आदेश होता. तिने मूळ शब्दच गायले. थोड्याच प्रयोगांनंतर ऑपेरावर बंदी आली. पिता, पती, कायदा आणि शासन या सर्वांनी जिच्या कंठावर हक्क सांगितला, त्या स्त्रीने त्या प्रवेशापुरता तरी आपल्या आवाजाचा ताबा स्वतःकडे ठेवला.

मँचेस्टर

या यशाला दुसरी बाजू होती. लंडनच्या मोसमात ती दिवसा मैफलीत, सायंकाळी नाट्यगृहात आणि रात्री एखाद्या सरदाराच्या दिवाणखान्यात गात असे. विश्रांती तिला ठाऊकच नव्हती. लहानपणापासून ‘थकवा आला तरी गा’ हाच धडा तिने गिरवला होता. आता तो धडा घालून द्यायला वडिलांची गरज उरली नव्हती. गार्सिया १८३२ मध्येच वारला होता, पण त्याची शिस्त मुलीच्या अंगात भिनली होती.

मे १८३६ मध्ये बाल्फ या संगीतकाराने खास तिच्यासाठी रचलेला नवा ऑपेरा ड्रुरी लेनमध्ये झाला. जुलैमध्ये लंडनमध्येच घोडेस्वारी करताना घोडा उधळला, ती पडली आणि फरफटली गेली. डोक्याला जबर मार बसला. त्या वेळी ती गर्भवती होती असे चरित्रकार सांगतात. तिने दुखापतीचे गांभीर्य दडवले आणि ठरलेले कार्यक्रम चालू ठेवले. डोकेदुखी वाढत गेली.

सप्टेंबरमध्ये मँचेस्टर येथे मोठा संगीतोत्सव होता. ती तेथे आली ती आजारी अवस्थेतच. १४ सप्टेंबरच्या सायंकाळी तिने कारादोरी-ॲलन या गायिकेबरोबर मेर्कादान्तेच्या एका ऑपेरातील युगुलगीत गायले. श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट करून ‘पुन्हा, पुन्हा’ असा घोष केला. तिच्या अंगात त्राण नव्हते. तरी ती परत आली, गीत पुन्हा गायली आणि पडद्याआड जाताच कोसळली. नऊ दिवसांनी, २३ सप्टेंबर १८३६ रोजी, तेथील एका हॉटेलात तिचा अंत झाला.

त्या श्रोत्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांना तिची अवस्था ठाऊक नव्हती. दाद हा कलावंताचा हक्क, आणि ती त्यांनी मनापासून दिली. आम्हांला खटकते ते निराळेच. त्या सभागृहात ‘आज पुरे’ असे म्हणणारे तिच्या बाजूचे एकही माणूस नव्हते, आणि स्वतः तसे म्हणावे हे तिला कोणी कधी शिकवलेच नव्हते.

मृत्यूनंतरही ओढाताण थांबली नाही. शोकविव्हल बेरिओ तात्काळ मँचेस्टर सोडून गेला. त्यावरून वृत्तपत्रांत बरीच टीका झाली. १ ऑक्टोबर रोजी शहराने मोठ्या मिरवणुकीने या कॅथलिक स्त्रीला तेथील अँग्लिकन कॉलेजिएट चर्चमध्ये मूठमाती दिली. पुढे कुटुंबीयांनी देह परत मागितला. मँचेस्टरचे नागरिक तो द्यायला राजी नव्हते. वादविवाद आणि खटपटीनंतर वर्षाअखेर शवपेटी उकरण्यात आली आणि ती ब्रुसेल्सजवळील लाकेन येथे नेऊन पुन्हा दफन केली गेली. तेथे गेफ्स या शिल्पकाराने घडवलेला तिचा पुतळा आहे. जिवंतपणी तिच्या आवाजावर हक्क सांगितले गेले. मेल्यावर तिच्या अस्थींवर.

तीन भावंडे

येथे उरलेल्या दोन भावंडांकडे वळले पाहिजे, कारण त्यांच्यावाचून मारियाच्या कथेचा अर्थ पुरता उमगत नाही.

भाऊ मान्युएल याचा आवाज त्या अमेरिकन दौऱ्यातील अतिश्रमांनी तरुणपणीच मोडला. पंचविशीच्या आत त्याने रंगभूमी सोडली. पण मोडलेल्या आवाजाने त्याच्यापुढे एक प्रश्न टाकला: माणसाच्या घशात सूर निर्माण होतो तरी कसा? त्याने त्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास आरंभला. १८४० साली गानशिक्षणावरील आपल्या ग्रंथाचा पहिला भाग प्रसिद्ध केला. १८५४ मध्ये छोटा आरसा घशात धरून, त्यावर सूर्यप्रकाश पाडून, त्याने स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ती निरीक्षणे मांडली गेली. घशाच्या विकारांची तपासणी करणाऱ्या वैद्यकशाखेला त्यातून मोठी चालना मिळाली. १८४१ साली स्वीडनची तरुण गायिका जेनी लिंड अतिगायनाने थकलेला, चिरकलेला आवाज घेऊन त्याच्याकडे आली. त्याने दिलेला पहिला धडा असा: काही आठवडे गाऊ नको, बोलणेही कमीत कमी ठेव. त्यानंतरच शिक्षण सुरू झाले, आणि पुढे सारे जग जेनी लिंडचे गाणे ऐकायला लोटले. ज्या घरात ‘गा’ हीच आज्ञा होती, त्या घरातील मुलाने ‘थांब’ ही विद्या शिकवली. १९०६ साली, वयाच्या एकशे एकाव्या वर्षी, तो निवर्तला.

धाकटी पॉलीन दहा वर्षांची असताना वडील वारले; तिचे गाणे आईने जोपासले. १८३९ मध्ये लंडनला ‘ओथेल्लो’तील डेस्डेमोनाच्याच भूमिकेतून तिने ऑपेराच्या रंगभूमीवर प्रवेश केला. आवाजाची मोहिनी थोरल्या बहिणीइतकी नव्हती, असे म्हणत. १८४० साली तिचा विवाह लुई व्हियार्दो या विद्वान गृहस्थाशी झाला. तो पॅरिसच्या इटालियन नाट्यगृहाचा संचालक होता. पत्नीच्या कारकिर्दीस साथ देता यावी म्हणून त्याने ते पद सोडले. पॉलीनने १८६३ च्या सुमारास, पुरते थकण्याआधी, मुख्य रंगभूमीचा निरोप घेतला आणि उरलेले आयुष्य शिकवण्यात व संगीतरचनेत घालवले. १९१० साली, ऐंशी वर्षे उलटल्यावर, ती गेली.

एकाच आईबापांची तीन मुले. एकीचा आवाज अठ्ठाविसाव्या वर्षी देहासह संपला, एकाचा विशीतच मोडला, एकीचा दीर्घकाळ टिकला. कलागुण तिघांतही होते; अंतर पडले ते जपणुकीत. सावकारीच्या भाषेत बोलायचे तर मारियाने रोज मुद्दलातून खर्च केला, कारण व्याजावर कसे जगावे हे सांगणारे माणूस तिला भेटले नाही आणि मुद्दल तिच्या नावावर आहे असे कायद्यालाही वाटत नव्हते.

येथे कोणी म्हणेल की जपून गाणारी मारिया ही मारिया राहिली नसती. तिची जादू त्या बेभानपणातच होती. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यास आमच्याजवळ पूर्ण उत्तर नाही. ज्योत वाऱ्यावर धरली की ती अधिक तेजाने फडफडते हे खरे. तथापि, वाऱ्यावर ठेवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार ज्योतीला नसतो. माणसाला तो असायला हवा. मारियाने समजून-उमजून तो मार्ग निवडला असता तर आम्ही तिच्यापुढे केवळ मस्तक नमवले असते. परंतु सहाव्या वर्षापासून जिला निवडीची सवयच लागू दिली नाही, तिच्या बेभानपणाला निवड म्हणणे आम्हांस जड जाते.

आज दूरचित्रवाणीवरील स्पर्धांत सात-आठ वर्षांची मुले थोरामोठ्यांची अवघड गाणी गाताना दिसतात. पालकांचे डोळे भरून येतात, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतात. त्या कौतुकात खोट नाही. मुलांना शिकवावे, त्यांच्याकडून मेहनतही करून घ्यावी. गार्सियाच्या शिस्तीवाचून मारिया घडली नसती हे विसरून चालणार नाही. फक्त ‘आज नको’ हे दोन शब्द उच्चारण्याची मुभा त्या मुलाला आहे किंवा नाही, एवढे घरातील कोणीतरी पाहावे.

मारिया स्वतः गीतेही रचत असे. तिच्या मृत्यूनंतर त्यांतील काही ‘अखेरचे विचार’ अशा अर्थाच्या शीर्षकाखाली प्रसिद्ध झाली. तिचा मुलगा शार्ल-विल्फ्रिड पुढे पियानोचा अध्यापक झाला आणि पॅरिसच्या संगीतविद्यालयात रावेलसारख्या शिष्याला त्याने शिकवले. आई गेली तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता. २००८ मध्ये तिच्या जन्माला दोनशे वर्षे झाली, त्या सुमारास चेचिलिया बार्तोली या इटालियन गायिकेने मारियाच्या भूमिकांतील संगीत पुन्हा गाऊन ध्वनिमुद्रित केले आणि तिच्या वस्तूंचे फिरते प्रदर्शन गावोगावी नेले. लोक त्या वस्तू पाहत, पोशाख पाहत, पत्रे वाचत. आवाज तेवढा त्यांत नव्हता. तो तिचा एकटीचा होता, आणि तो ती आपल्याबरोबर घेऊन गेली.